सेल्फ स्ट्रायपिंग लोकरीचे मोजे: टाचेपाशी पट्ट्यांची वाट लागतेय

नवीसुई

नमस्कार मंडळी. मोज्यांवर आता बऱ्यापैकी हात बसलाय, एकरंगी लोकरीचे जोड विणून झाले, घरच्यांनी घातले आणि कोणी कुरकुर केली नाही म्हणजे जमले असं धरून चालते. आता पहिल्यांदाच ती सेल्फ स्ट्रायपिंग लोकर हातात आलीय, गुंड्यातच लांब लांब टप्प्यांत रंगवलेली असते आणि आपण नुसतं सुलट विणत गेलं की पट्टे आपोआप पडतात ती. ७५ टक्के लोकर २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅमला ४२० मीटर, पाच रंग. सुया २.२५ मिमी, पाच सुयांचा सेट, ६४ टाके, वरून खाली विणतेय.

पोटरीचा भाग इतका सुंदर आला की सारखा हातात घेऊन बघत बसले, सहा सहा फेऱ्यांचे एकसारखे पट्टे. मग टाच आली आणि सगळं फिसकटलं. मी नेहमीचीच टाच केली, निम्म्या टाक्यांवर हील फ्लॅप (टाचेमागची चौकोनी पट्टी), मग टाच वळवणं, मग बाजूचे टाके उचलून गसेट (टाचेच्या दोन्ही बाजूंचा तिरपा भाग). तर फ्लॅपवर एकेक रंग संपता संपेना, भला मोठा ठोकळा झालाय, आणि गसेट सुरू झाल्यावर तेच पट्टे एकदम बारीक. वर पायाच्या वरच्या बाजूला घोट्यापाशी हिरव्यानंतर निळा यायला हवा होता तिथे डायरेक्ट पिवळा आलाय, मधले रंग टाचेनेच खाऊन टाकले.

उसवायला जिवावर येतंय पण उसवीन. फक्त त्याआधी कळू दे की हे असंच असतं, का टाच वेगळी करायची असते? आणि दुसरा मोजा पहिल्याशी जुळवायचा कसा, का तो नाद सोडायचा?

---

उलटसुलट

उसवू नका अजून, आधी हे वाचा. तुमच्या विणण्यात काही चुकलेलं नाहीये, हा सगळा धाग्याच्या लांबीचा खेळ आहे.

कंपनीने प्रत्येक रंग ठरावीक लांबीचा रंगवलेला असतो. तुम्ही म्हणताय ६४ टाक्यांवर सहा फेऱ्या येतात. या जाडीच्या लोकरीत एका टाक्याला साधारण एक सेंटिमीटर धागा जातो (हात घट्ट सैल असेल तसं थोडं इकडेतिकडे), म्हणजे एका फेरीला ६४ सेंमी आणि सहा फेऱ्यांना पावणेचार चार मीटर. तर तुमच्या लोकरीत एकेक रंग अंदाजे ४ मीटर आहे. आता हे चार मीटर तुम्ही किती टाक्यांवर पसरवता त्यावर पट्टा जाड की बारीक ते ठरतं, बाकी काही नाही.

फ्लॅपला ३२च टाके, म्हणजे त्याच चार मीटरमध्ये सहाच्या जागी बारा ओळी. आणि फ्लॅप जर एक टाका सोडून एक विणायचा असा केला असेल, बहुतेक तसाच केला असणार, तर सोडलेल्या टाक्यांना धागाच लागत नाही, म्हणून रंग आणखीच लांबतो. तोच तुमचा ठोकळा. मग गसेटला टाके उचलले की एकूण ८४ च्या आसपास जातात, तिथे चार मीटर पाच फेऱ्यासुद्धा पुरत नाहीत, म्हणून बारीक. हळूहळू टाके कमी होत ६४ वर आले की पट्टे परत पहिल्यासारखे होतात, बघा तुमच्या मोज्यात झालेच असतील. आणि तो निळा कुठे गेला, तर फ्लॅप आणि टाचेची वळणं मिळून आठ दहा मीटर धागा खातात, तेवढ्यात दोन अडीच रंग निघून गेले. वरच्या बाजूचे टाके बिचारे सुईवर नुसते थांबलेले होते, त्यांना मध्ये काय झालं पत्ताच नाही.

हेच गणित मापालाही लागू होतं बरं का. तीच लोकर ७२ टाक्यांवर विणलीत तर साडेपाच फेऱ्यांचा पट्टा येईल, ५६ वर सात, लहान मुलाच्या ४८ टाक्यांच्या मोज्यात आठच्या वर. म्हणून लेबलवरच्या फोटोत दिसतात तसे पट्टे आपल्याला येतीलच असं नाही.

आता उपाय. मला विचाराल तर पट्टेरी लोकरीला आफ्टरथॉट हील, म्हणजे टाच सगळ्यात शेवटी. विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन या बाईंनी ही गाजवली, त्या तर सरळ विणलेल्या मोज्यातला एक टाका कात्रीने कापून ओळ उसवायच्या आणि तिथे टाच घालायच्या. आपल्याला एवढं काळीज नसेल तर आधीच जागा धरून ठेवायची. टाचेच्या ठिकाणी पोचलात की निम्मे ३२ टाके एका वेगळ्या रंगाच्या फालतू धाग्याने विणा, तेच टाके परत डाव्या सुईवर घ्या आणि मुख्य लोकरीने पुन्हा विणा, आणि जसं काही झालंच नाही असं पंजापर्यंत विणत जा. एक नळी तयार होते. पट्टे वरपासून खालपर्यंत अखंड, कुठे जाड नाही बारीक नाही.

शेवटी तो फालतू धागा काढायचा, वर खाली मिळून ६३-६४ टाके मोकळे होतात ते सुयांवर घ्यायचे, कोपऱ्यात एकदोन जास्तीचे उचलायचे, आणि पंजा करतो तशीच टाच करायची: एक फेरी साधी, एका फेरीत चार टाके कमी, असं २४ टाके उरेपर्यंत, मग किचनरने (सुईत धागा ओवून समोरासमोरचे टाके जोडायची पद्धत) शिवून टाकायचं. पट्टे गोल गोल येतात, नेमबाजीच्या चकतीसारखे दिसतात, मला तर तेच जास्त आवडतं. एका टाचेला दहा बारा मीटर धागा लागतो, म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास, पण हाताशी पाच ग्रॅम ठेवा.

एकच लक्षात ठेवा, ही टाच नंतर जवळजवळ ५ सेंमी जागा घेते. म्हणजे २३ सेंमीचा मोजा हवा असेल तर फालतू धाग्यापासून पंजाच्या सुरुवातीपर्यंत १३ सेंमीच विणायचं, ५ टाचेचे आणि ५ पंजाचे नंतर मिळतात. हे नाही धरलं तर मोजा चांगलाच ढगळ होतो.

---

टाचणी

उलटसुलट यांनी गणित झकास समजावलंय, पण आफ्टरथॉट हीलचं जे कौतुक चाललंय त्याला माझा आक्षेप आहे आणि मी तो प्रत्येक वेळी नोंदवते 😄

ती टाच दिसायला सुंदर, पण उथळ असते हो. ज्यांच्या पायाची कमान उंच आहे, म्हणजे घोट्याच्या पुढून टाचेपर्यंतचा घेर जास्त आहे, त्यांना ती तिथे आवळते, मोजा खाली ओढला जातो आणि टाच तळव्याखाली सरकते. फ्लॅप आणि गसेट हा प्रकार उगाच नाही आला, तिथे पायाला जास्त कापड लागतं म्हणून आला. पट्टे छान दिसावेत म्हणून पाय गैरसोयीत घालायचा हे मला पटत नाही. मोजा बुटात जाणार आहे शेवटी.

तर ज्यांना फ्लॅपच हवाय त्यांच्यासाठी: टाचेपुरता वेगळा धागा वापरा. मुख्य गुंड्याचा धागा आहे तिथेच सोडून द्या, तोडू नका. गुंड्याच्या दुसऱ्या टोकाचा धागा घ्या किंवा आधीच पाच सहा ग्रॅमचा छोटा गुंडा काढून ठेवा, त्याने फ्लॅप आणि टाचेची वळणं करा, तो धागा तोडा, आणि मग मुख्य धाग्याला परत या, बाजूचे टाके उचला आणि गोल विणायला लागा. म्हणजे वरच्या बाजूला हिरव्यानंतर निळाच येतो, क्रम तुटत नाही. गसेटमध्ये पट्टे थोडे बारीक होतात ते होतातच, पण ते तिरपे कमी होत जातात तेव्हा वाईट दिसत नाहीत, उलट मला ते बघायला आवडतात.

याहून सोपं म्हणजे टाचेला एकरंगी लोकर घ्या, पट्ट्यातल्याच एखाद्या रंगाशी जाणारी, आणि वरची रिब (काठाची ताणणारी सुलट-उलट वीण) आणि पंजाही त्याच रंगात करा. मग तो ठोकळा वगैरे प्रश्नच येत नाही, आणि रिबचा एक फायदा असा की दोन सुलट दोन उलटमध्ये जिथे रंग बदलतो तिथे उलट टाक्यांवर दोन्ही रंगांचे ठिपके दिसतात, सेल्फ स्ट्रायपिंगमध्ये ते टाळता येत नाहीत, एकरंगी रिब केली की ते गेलं. पट्टेवाली लोकरही वाचते, मोठ्या पायाच्या माणसाला १०० ग्रॅम काठावर पुरतात तेव्हा ह्याने सुटका होते.

शॉर्ट रो हील (ओळ अर्ध्यातूनच वळवत केलेली टाच) कोणी सुचवणार असेल तर तेही सांगून टाकते, ती दिसते नीट पण तीही निम्म्याच टाक्यांवर असते, म्हणजे रंग खाण्याचा प्रश्न तोच राहतो, तिलाही वेगळा धागा लागतोच.

आणि आफ्टरथॉटच करायची असेल तर निदान निम्म्यावर नका करू. ६४ पैकी ३६-३८ टाक्यांवर फालतू धागा घाला आणि टाके उचलल्यावर लगेच कमी करायला न लागता आधी तीन चार फेऱ्या साध्या विणा. खोली वाढते, बऱ्याच पायांना तेवढ्याने बसते. फक्त असं केलंत तर टाच पाचच्या जागी सहा सेंमी होते, तेवढी मधली लांबी कमी करा.

---

नवीसुई

बापरे, दोघांचेही आभार. चार मीटरचं गणित वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला, मी उगाच सुई बदलून बघू का वगैरे विचार करत होते.

ज्याच्यासाठी विणतेय त्याचा पाय सपाटच आहे म्हणजे कमान फार नाही, त्यामुळे आफ्टरथॉट करून बघते, टाचणी तुम्ही रागावू नका 🙏 पण टाचणींची साध्या फेऱ्यांची युक्ती घेईन.

जुळवण्याचं मात्र राहिलं. माझ्याकडे एकच १०० ग्रॅमचा गुंडा आहे. तो वजनकाट्यावर ५०-५० करून दोन गुंडे करायचे का? आणि आत एक गाठ आहे असं वाटतंय, बाहेरून दिसतेय, गाठीच्या अलीकडे केशरी आहे आणि पलीकडे एकदम निळा.

---

गुंडाळी

जुळवाजुळवी हा माझा प्रांत, म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, दोन गुंडे करायचे असतील तर दिशा सांभाळायची. यातच भल्याभल्यांची फसगत होते. तुम्ही बाहेरच्या टोकापासून ५० ग्रॅम नव्या गुंड्यावर गुंडाळले आणि तोडलं, आता दोन्ही गुंड्यांची बाहेरची टोकं म्हणजे मूळ धाग्याचा मध्य आहे. दोन्ही बाहेरून विणायला घेतले तर एकात रंग पुढे जाणार आणि दुसऱ्यात मागे. एका पायात हिरवा-निळा-जांभळा, दुसऱ्यात जांभळा-निळा-हिरवा. मग कितीही अचूक सुरुवात करा, जुळणार नाही. म्हणून नवा गुंडा आतल्या टोकाने विणायचा आणि जुना बाहेरच्या, किंवा नवा गुंडा परत एकदा उलटा गुंडाळून घ्यायचा.

पण मला सांगा, दोन गुंडे हवेतच कशाला? तुम्ही वरून खाली विणताय, पोटरीची उंची ठरलेली आहे. एकाच गुंड्याने पहिला मोजा संपवा आणि त्याच टोकाने पुढे दुसरा सुरू करा, दिशा आपोआप तीच राहते. १०० ग्रॅम साधारण पायाला व्यवस्थित पुरतात. दोन गुंडे हे ज्यांना पंजाकडून सुरू करून लोकर संपेपर्यंत वर पोटरी लांबवत न्यायची असते त्यांच्यासाठी ठीक आहे.

दुसरी गोष्ट, सुरुवात. पहिला मोजा सुरू करतानाच कुठून टाके घातले ते लिहून ठेवा आणि शक्यतो रंग जिथे बदलतो तिथूनच सुरुवात करा, म्हणजे केशरी संपून हिरवा लागतो तिथे सरकगाठ मारायची. धाग्याची शेपटी टाके घालताना मागे लागते ती मागच्या रंगात जाऊ द्या, ती काठावर दिसते पण दोन्ही मोज्यांत सारखीच दिसते मग काय बिघडलं. रंगाच्या मधूनच सुरू केलं असेल तर दुसऱ्या वेळी ती जागा अंदाजाने शोधावी लागते, त्यात एखाद फेरीचा फरक पडतो.

पाच रंग गुणिले चार मीटर म्हणजे तुमचा पूर्ण क्रम २० मीटरचा. तर दुसऱ्या मोज्याची सुरुवात शोधताना फार तर २० मीटर बाजूला काढावे लागतील, पाचेक ग्रॅम. आणि ते वाया जात नाहीत, त्यातूनच टाच करा! तुम्ही आफ्टरथॉट करणार आहात ना, दोन टाचांना वीस बावीस मीटर लागतात, जवळजवळ हिशोब जुळतो. दोन्ही टाचा एकाच रंगाने सुरू करायच्या असतील तर मात्र हा तुकडा मध्ये तोडताना रंग बघून तोडा.

गाठ. कारखान्यात धागा तुटला की गाठ मारून पुढे जातात, त्यांना तुमच्या क्रमाशी देणंघेणं नसतं. कधी कधी गाठीनंतर दिशाच उलटी होते, ते नीट तपासा, केशरीनंतर काय यायला हवं आणि गाठीपलीकडे रंग कोणत्या क्रमाने येताहेत. म्हणून मी नवीन गुंडा घेतला की सगळा एकदा हातातून काढते, कंटाळवाणं आहे पण विणताना मधेच थांबावं लागत नाही. गाठ सापडली की तिथे तोडा, पलीकडचा धागा सोडवत जा जोपर्यंत केशरीतली तीच जागा येत नाही, तिथे जोडा. उरलेला तुकडा परत टाचेसाठी किंवा ठिगळासाठी.

जोडताना हातावर ओला करून चोळायची जी पद्धत आहे ती या लोकरीवर टिकत नाही, सुपरवॉश (धुतल्यावर आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली) असते आणि त्यात नायलॉन, तिचे तंतू चोळून नमद्यासारखे एकजीव होत नाहीत. सरळ दोन्ही शेपट्या १५ सेंमी सोडा आणि नंतर आतून ओवून टाका.

ज्यांना यातलं काहीच नकोय त्यांच्यासाठी काही कंपन्या मुद्दाम जोड जुळेल अशी लोकर काढतात. रेजियाची पेअरफेक्ट नावाची येते, तिच्यात सुरुवात कुठून करायची ते कळायला पिवळा धागा असतो, तो संपला की टाके घालायचे, दुसऱ्या मोज्यालाही तसंच.

---

रिकामाहात

एवढं वाचून दमलो. मी पाच सहा वर्षं हे मोजे विणतोय आणि एकदाही जुळवले नाहीत. पहिला संपला की धागा तोडायचा, उरलेल्या टोकाने दुसरा चालू. रंग तेच, पट्ट्यांची जाडी तीच, फक्त एकात घोट्याला निळा आणि दुसऱ्यात जांभळा. मोजे घालून उभा राहिल्यावर लांबून बघणाऱ्याला जोडच वाटतो आणि जवळ येऊन कोणी बघत असेल तर त्याला दुसरं काम नाही.

बाकी एक, फेरी जिथे सुरू होते तिथे पट्ट्यात पायरी दिसेल म्हणून काळजी करणाऱ्यांनी करू नका. दोन वेगळ्या गुंड्यांनी पट्टे करताना रंग दर वेळी एकाच ठिकाणी बदलतो म्हणून तिथे पायऱ्या दिसतात आणि त्यासाठी युक्त्या कराव्या लागतात. या लोकरीत रंग फेरीत कुठेही बदलतो, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी, त्यामुळे काहीच करायला लागत नाही. आळशी माणसासाठीच केलेली लोकर आहे ही, तिला कामाला लावू नका.

---

उलटसुलट

रिकामाहात, तुमचे मोजे तुम्ही बघता, पण भेट द्यायचे असतील तर समोरचा पहिली गोष्ट दोन्ही शेजारी ठेवून बघतो. अनुभव आहे.

टाचणींसाठी: आवळण्याचं म्हणणं मान्य. पण आफ्टरथॉटचा एक फायदा तुम्ही सोडलात. टाच झिजून भोक पडलं तर पूर्ण टाच उसवून नवी विणता येते, बाकी मोज्याला हात लावावा लागत नाही. फ्लॅपवाली झिजली की रफू करत बसा. जो माणूस मोजे फाडण्यात पटाईत आहे त्याला मी डोळे झाकून हीच टाच करते.

आणि या लोकरीवर जाळी, केबल असलं काही करू नका असं नवीसुईंना सांगायचं राहिलं. पट्टे आणि नक्षी दोन्ही एकमेकांना खातात, केबल तर दिसतही नाही आणि धागा मात्र जास्त जातो. साधी सुलट वीण, फार तर रिब. नागमोडी वीण मात्र अपवाद, तिच्यात पट्टेच वरखाली होतात आणि खुलून दिसतात.

---

रंगारी

इथे चार मीटरचं गणित आलंच आहे तर सांगतो, असली लोकर घरी रंगवता येते आणि मग पट्टा किती जाड हवा ते आपण ठरवायचं. टाचेचं दुखणंही त्यातच सोडवता येतं.

पांढरी सॉक यार्न घ्यायची, तीच लोकर-नायलॉन मिश्रणाची. ज्याचा मोजा त्याचे टाके धरा, समजा ६४ आणि पट्टा आठ फेऱ्यांचा हवाय, म्हणजे एका रंगाला पाच मीटर. चार रंग घेतले तर २० मीटरचं एक वेटोळं लागेल. आपल्या लडीचा घेर दीड दोन मीटर असतो, तिथे एवढ्या लांब पट्ट्याची लडी बनत नाही, म्हणून दोन खुर्च्या लांब ठेवून किंवा भिंतीला खुंट्या मारून त्यांच्याभोवती २० मीटरचा फेरा घालत जायचं. ४२० मीटरचे एकवीस फेरे. ठिकठिकाणी सैल बांधून घ्या, घट्ट बांधलं तर तिथे रंग शिरत नाही आणि पांढरे ठिपके राहतात. आणि भरपूर ठिकाणी बांधा, नाहीतर नंतर जो गुंता होतो तो सोडवताना माणूस विणकाम सोडून देतो.

मग पाच पाच मीटरचा एकेक भाग वेगवेगळ्या भांड्यात बुडवायचा. लोकर आणि नायलॉन दोघांनाही ॲसिड डाय (आम्लाच्या पाण्यात चढणारे रंग) चालतात, पाण्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड घालायचं आणि उकळीच्या खाली, ८५-९० अंशांवर, पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत ठेवायचं. लोकर भांड्यातच गार होऊ द्यायची, गरम असताना गार पाण्याखाली धरू नका. या कामाची भांडी परत स्वयंपाकाला वापरायची नाहीत, हे ठळक अक्षरात लिहिलंय असं समजा.

टाचेची गंमत अशी की थोडी लोकर बाजूला काढून ती एकाच रंगात पूर्ण बुडवायची, म्हणजे पट्ट्यातल्या रंगाशी तंतोतंत जुळणारी टाच, पंजा आणि रिब मिळते. दुकानात तो शेड शोधत फिरावं लागत नाही. २५ ग्रॅम पुरतात.

गडद लाल आणि निळा पहिल्या दोन तीन धुण्यांत थोडा सुटतो, वेगळे धुवा.

---

नवीसुई

रंगारी, तुमचं वाचून हात शिवशिवायला लागलेत पण आधी हातातलं संपवते.

अपडेट: टाचेपर्यंत उसवलं, ३४ टाक्यांवर फालतू धागा घातला आणि पंजापर्यंत आले. पट्टे एकदम अखंड, काय दिसतंय सांगू! गाठीपाशीही गुंडाळींनी सांगितलं तसंच तोडून जोडलं, पलीकडे दिशा तीच होती, नशीब. काढलेला तुकडा टाचेला ठेवलाय.

आता टाच उघडलीय, टाके सुयांवर आहेत आणि दोन्ही कोपऱ्यांत मोठ्ठी भगदाडं दिसताहेत. एकदोन टाके जास्तीचे उचला म्हणाले होते उलटसुलट, पण कुठून उचलू तेच कळत नाहीये, तिथे नुसते लोंबते धागे आहेत. आणि पंजा अगदी शेवटी टोकाला जाडजूड पट्ट्याने संपलाय, ते का?

---

टाचणी

पंजाचं आधी, ते सोपं आहे. टाके कमी होत जातात तशी फेरी लहान होते, तेच चार मीटर जास्त फेऱ्या पुरतात, म्हणून टोकाकडे पट्टा रुंद होत जातो. टाचेतही शेवटच्या गोलात तेच होणार. ते असंच असतं, त्याला काही करू नका.

कोपऱ्याचं. त्या लोंबत्या धाग्यांना हात लावू नका, ते सैल असतात, तिथून उचललं की भोक अजून मोठं होतं. कोपऱ्यापासून एक टाका दूर जा, जिथे वीण घट्ट आहे तिथल्या टाक्याची बाहेरची अर्धी दांडी सुईवर घ्या. वरच्या भागाकडून एक आणि खालच्या भागाकडून एक, असे प्रत्येक कोपऱ्यात दोन. दोन्ही कोपरे मिळून चार वाढतील. पहिल्या फेरीत ते मागच्या बाजूने विणा म्हणजे पीळ पडतो आणि टाका आवळला जातो. दुसऱ्या फेरीत प्रत्येक जास्तीचा टाका त्याच्या शेजारच्याबरोबर दोन एकत्र करून संपवा, म्हणजे परत मूळ संख्येवर आलात. मग तुमच्या त्या साध्या तीन फेऱ्या, त्यातली ही दुसरी धरली तरी चालेल.

टाचेचा धागा सुरू करताना शेपटी चांगली वीसेक सेंमी सोडा आणि सुरुवात कोपऱ्यापासूनच करा. एवढं करूनही बारीकसं छिद्र राहिलंच तर ती शेपटी सुईत ओवून आतल्या बाजूने भोवतालच्या टाक्यांमधून गोल फिरवायची आणि हळू ओढायची. फार जोरात ओढलंत तर बाहेर चुणी पडते आणि बुटात टोचते. दुसऱ्या कोपऱ्याला शेपटी नसते, तिथे फालतू धागा काढायच्या आधीच्या जोडणीचं एखादं टोक असेल तर ते वापरा, नसेल तर त्याच रंगाचा छोटा तुकडा.

आणि टाच झाली की एकदा पायात घालून बघा, किचनर करायच्या आधी, टाके एका जाड दोऱ्यावर घेऊन. आवळत असेल तर तिथेच दोन फेऱ्या उसवून साध्या वाढवता येतात. मग सांगा बसली का, मला तुमच्या त्या सपाट पायाबद्दल अजून शंका आहे.